बाईंच्या जाहिरातीचं सर्टिफिकेट

निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या माणसाला रेडिओवर, केबलवर किंवा थिएटरमध्ये जाहिरात द्यायची असेल, तर ती आधी निवडणूक आयोगाच्या समितीला दाखवावी लागते. समितीचं प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय कुणी ती वाजवत नाही, निदान वाजवू नये. मतदार म्हणून आपला याच्याशी कधी संबंध येत नाही. माझा आला. २०२३ च्या मध्य प्रदेश विधानसभा निवडणुकीत इंदूरमध्ये एका अपक्ष उमेदवाराच्या हिशेबाचं आणि परवानग्यांचं काम मी पाहिलं. उद्या आपल्यापैकी कुणी अशा भानगडीत पडलं, तर हे उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते आहे.

उमेदवार म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण वस्तीतल्या ड्रेनेजपासून पेन्शनच्या अर्जांपर्यंत सगळ्यांची कामं घेऊन ऑफिसांत जाण्याची सवय सुटलेली नाही. कुठल्याच पक्षाकडे तिकीट मागायला त्या गेल्या नाहीत. मला घरी बोलावून म्हणाल्या, "तू सियागंजात एवढ्या मोठ्या पेढीचे हिशेब लिहितेस, माझे लिहिशील का? मला एक पैसासुद्धा लपवायचा नाही." मी हो म्हटलं. विद्यार्थिनीने बाईंना नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मला मनापासून त्यांनी उभं राहायला हवंही होतं.

अपक्षाला दहा प्रस्तावक लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. सर्वसाधारण उमेदवाराची अनामत १०,००० रुपये. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं, आणि तेही अर्ज भरण्याच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं. फॉर्म २६ च्या शपथपत्रात मालमत्ता, देणी, खटले यांच्याबरोबर आता फेसबुक, ट्विटर वगैरे खात्यांचे तपशीलही द्यावे लागतात. हे सगळं रीतसर झालं. अर्जाची शेवटची तारीख ३० ऑक्टोबर होती, छाननी ३१ ला, माघार २ नोव्हेंबरला. खरी धावपळ तिथून सुरू झाली, कारण अपक्षाला चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. अर्जात तीन पसंती लिहिलेल्या असतात. बाईंना पहिली मिळाली नाही, दुसरी मिळाली. मोठ्या पक्षाचं चिन्ह लोकांना जन्मापासून पाठ असतं. आमच्याकडे चिन्ह हातात आल्यापासून ते लोकांच्या डोळ्यांत बसवायला १५ नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता, आणि मध्ये दिवाळी! १२ तारखेला लक्ष्मीपूजन. छापखान्याचे कारागीर गावी गेलेले, रेकॉर्डिंगवाल्याकडे दुकानांच्या दिवाळी ऑफरच्या जाहिरातींची रांग. म्हणूनच रेडिओची जाहिरात आमच्यासाठी चैन नव्हती. कमी दिवसांत चिन्ह घरोघरी न्यायचं तेवढंच एक साधन होतं.

आता नियमाकडे येते. केबलच्या जुन्या नियमांनुसार टीव्हीवर राजकीय जाहिरातीला मनाईच होती. २००४ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती मनाई उठवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १३ एप्रिल २००४ च्या आदेशाने मधला मार्ग निघाला: जाहिरात द्या, पण आधी तपासून घ्या. पुढे आयोगाने याच चौकटीत एफएम रेडिओ, सिनेमागृहं, ई-पेपर, मोबाइलवर एकगठ्ठा पाठवायचे एसएमएस आणि आवाजी संदेश हेही घेतलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये सोशल मीडिया आला. जिल्ह्यातल्या समितीला सगळे एमसीएमसी म्हणतात. कागदावर तिचं नाव मीडिया प्रमाणन एवं अनुवीक्षण समिति, म्हणजे जाहिरातींना प्रमाणपत्र देणारी आणि माध्यमांवर लक्ष ठेवणारी समिती. साबण, टूथपेस्टच्या जाहिरातीत खोटं सांगितलं तर तक्रार करायला जाहिरातवाल्यांचीच एक परिषद आहे, पण राजकीय जाहिरात ती पाहत नाही. तिथे जे काही आहे ते आयोगच.

उमेदवाराने अर्ज प्रसारणाच्या निदान तीन दिवस आधी द्यायचा. उमेदवार किंवा नोंदलेला पक्ष सोडून दुसऱ्या कुणाला जाहिरात द्यायची असेल तर सात दिवस आधी, आणि त्याला शपथेवर लिहून द्यावं लागतं की ही जाहिरात कुठल्या पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही आणि त्यांनी तिचे पैसे दिलेले नाहीत. अर्जासोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि तिच्यातला शब्द न् शब्द लिहून काढलेली, साक्षांकित केलेली संहिता, तीही दोन प्रतींत. पेन ड्राइव्ह चालतो का, सीडीच हवी, की दोन्ही, हे आधी विचारून घ्यावं. आम्ही दोन्ही नेलं. रेडिओसाठी आमच्या दोन जाहिराती होत्या: एक हिंदी आणि एक मराठी ध्वनिफीत. शिवाय केबलसाठी एक छोटी चित्रफीत. मराठीच्या संहितेला मी हिंदी भाषांतर जोडलं, म्हणजे समितीपुढे प्रश्न उरायला नको.

अर्जातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे खर्चाचा तक्ता. जाहिरात तयार करायला किती लागले, ती किती वेळा वाजणार, कुठल्या दिवशी, कुठल्या वेळेत, किती सेकंद, एका वेळचा दर काय, एकूण किती. आणि खाली लिहून द्यायचं की पैसे चेकने किंवा ड्राफ्टनेच दिले जातील. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला यात काय दिसतं सांगते. हा कागद समितीकडून खर्चाच्या शाखेकडे जातो. म्हणजे मी वहीत लिहिण्याआधीच बाईंचा रेडिओचा खर्च सरकारी रजिस्टरात चढलेला असतो, आणि मी कमी दाखवला तर पहिल्याच तपासणीत कळतं. जाहिरातीतले शब्द तपासण्याइतकाच पैसा कागदावर आणण्याचा हा मार्ग आहे, आणि माझ्या मते जास्त मोलाचा आहे.

मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत गर्दी होती, पण माणसं वाईट नव्हती. उलट, तिथल्या कर्मचाऱ्याने आमचा अर्ज घेतानाच वाचला, एका पानावर सही राहिली होती ती दाखवली, आणि एक गोष्ट आपणहून सांगितली जी मला कुठल्याही पुस्तिकेत इतक्या सोप्या शब्दांत सापडली नव्हती: उमेदवार स्वतःच्या खात्यावरून, पैसे न देता, काही लिहीत असेल, फोटो टाकत असेल, तर त्याला प्रमाणपत्र नको, तीच पोस्ट पैसे भरून जास्त लोकांपर्यंत पोचवली की ती जाहिरात, आणि तिला प्रमाणपत्र हवं. बाईंचे जुने विद्यार्थी त्यांच्या फेसबुकच्या पानावर रोज काहीतरी टाकत होते आणि उगीच घाबरले होते. त्यांची भीती गेली. मोठ्या पक्षांकडे वकील असतात, वॉर रूम असते. बाईंसारख्या उमेदवाराचा सल्लागार म्हणजे त्या टेबलामागचा माणूसच. त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलेली गोष्ट आमच्यासाठी केवढी होती, हे त्याला कळावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन आभार मानले.

हिंदी आणि मराठी ध्वनिफिती तशाच मंजूर झाल्या. चित्रफीत अडली. तिच्यात बाईंच्या घरातल्या भिंतीवरचे काही फोटो येत होते, त्यात एक त्यांच्या यजमानांचा, लष्करी गणवेशातला, तुकडीतल्या सहकाऱ्यांसोबतचा. यजमान महूच्या लष्करी छावणीत होते, काही वर्षांपूर्वी वारले. "मैडम, ये फोटो हटाना पड़ेगा," अधिकारी म्हणाले, आणि आयोगाची सूचना समोर ठेवली: प्रचाराच्या जाहिरातीत सैन्यातल्या लोकांची छायाचित्रं वापरू नयेत. २०१३ ची सूचना, मार्च २०१९ मध्ये आयोगाने पक्षांना तिची पुन्हा आठवण करून दिलेली. मी म्हटलं, हा उमेदवाराच्या नवऱ्याचा फोटो आहे. त्यांनी ऐकून घेतलं, आवाज चढवला नाही. मजकूर सगळा ठीक आहे, फक्त तेवढी तीन-चार सेकंदं काढा, बदललेली प्रत आणि संहिता आणा, म्हणाले. पटलं नाही तर राज्याच्या समितीकडे भोपाळला अपील करता येतं, तेही सांगितलं.

बाईंना हे सांगणं मला जड गेलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "काढून टाक. आज माझ्यासाठी सूट मागितली तर उद्या कुणी अख्खी पलटण उभी करेल." मला तो नियम तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो. सैनिकाचा गणवेश कुठल्याच उमेदवाराच्या मागे उभा राहता कामा नये. आम्ही तुकडा काढला, नवी प्रत दिली, प्रमाणपत्र आलं. त्याचा क्रमांक केबलवाल्याला कळवल्यावरच त्याने तारीख दिली.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. ज्या पक्षांचं मुख्यालय दिल्लीत किंवा भोपाळमध्ये, त्यांच्या जाहिराती तिकडच्या समितीकडून प्रमाणित होऊन येतात. जिल्ह्याला त्यात काही करायचं नसतं. त्यात गैर काही नाही, रचनाच तशी आहे. पण खर्चाचं काय? विधानसभेच्या उमेदवारावर आमच्याकडे ४० लाखांची मर्यादा आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती ३०.८० लाखांवरून वाढली. पक्षावर मात्र अशी मर्यादाच नाही. उमेदवाराचं नाव, फोटो न घेता फक्त पक्षाचं आणि चिन्हाचं गाणं दिवसभर वाजलं, तर तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार, उमेदवाराच्या वहीत त्याचा रुपयासुद्धा येत नाही. बाईंच्या जाहिरातीचा सेकंद न् सेकंद मी वहीत मांडत होते आणि समोर हे चाललं होतं. पारदर्शकता हवीच, पण ती सगळ्यांना सारखी लागली पाहिजे, असं मी तेव्हा प्रत्येकाला सांगत होते आणि इथेही सांगते.

छापील कागदांचा नियम वेगळा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर, पोस्टरवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने आपली ओळख सही करून द्यायची, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष द्यायची, आणि छापखान्याने छापल्यापासून तीन दिवसांत ते कागद, किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले याच्यासकट, जिल्हा कचेरीत पाठवायचे. मोडला तर सहा महिने कैद किंवा २,००० रुपये दंड किंवा दोन्ही. राजवाड्यामागच्या आमच्या छापखान्याच्या मालकांनी ते फॉर्म स्वतःच पुढे केले. म्हणाले, याशिवाय मशीन चालू करत नाही.

आणि याच नियमाचं दुसरं टोक आम्ही पाहिलं. दिवाळीच्या आसपास वस्तीत बाईंच्या विरोधात एक पत्रक फिरलं. पातळ पिवळा कागद, एका बाजूला छापलेलं, खाली ना मुद्रक, ना प्रकाशक. बाई कुणाकडून तरी पैसे घेऊन मतं फोडायला उभ्या आहेत, असा मजकूर. आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर मी फोटो टाकून तक्रार केली. त्यावर १०० मिनिटांत कारवाई करायची असं बंधन आहे, आणि भरारी पथक खरोखरच वेळेत आलं. त्यांनी प्रती गोळा केल्या, पंचनामा केला, आसपासच्या दुकानदारांना विचारलं. कुणी वाटली, कुणी छापली, शेवटपर्यंत कळलं नाही. पथकाने कसूर केली असं मी म्हणणार नाही. पण ज्याने नाव छापलं त्याच्याकडे सगळी खाती विचारपूस करतात आणि ज्याने छापलं नाही तो सुटतो, यावर उपाय शोधायलाच हवा. निवडणुकीच्या दिवसांत छापखान्यांकडे जाऊन कामाच्या वह्या पाहिल्या, तर अशी पत्रकं निम्म्याने कमी होतील असं मला वाटतं. मोबाइलवरच्या निनावी व्हिडिओंचं तर नावच काढायला नको.

मध्येच एकाने बातम्यांचं 'पॅकेज' आणलं. मतदानापर्यंत रोज एक बातमी, फोटोसह, पावती नाही. बाईंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं, कामही हीच प्रमाणपत्र देणारी समिती पाहते: संशयास्पद बातमी आली की निवडणूक निर्णय अधिकारी ९६ तासांत उमेदवाराला नोटीस काढतात, उत्तराला ४८ तास मिळतात, आणि ठरलंच तर त्या जागेचा जाहिरातीच्या दराने हिशेब करून रक्कम उमेदवाराच्या खर्चात घालतात. नोटीस छापणाऱ्याला नाही, उमेदवाराला येते, हे ध्यानात असू द्या.

हितचिंतकांनाही आवरावं लागतं. एका जुन्या विद्यार्थ्याला आपल्या दुकानाच्या नावाने पेपरात बाईंना पाठिंबा देणारी जाहिरात द्यायची होती. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय असा खर्च करणं भारतीय दंड संहितेच्या १७१-एच प्रमाणे गुन्हा होता, आणि आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. बाईंनी परवानगी दिली असती तर तो खर्च आमच्या वहीत आला असता. त्यांनी नको म्हटलं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या एकाला पैसे पाठवायचे होते. उमेदवाराला परदेशी देणगी चालतच नाही, म्हणून त्यालाही नकार. त्याला वाईट वाटलं, पण त्याने मग इथल्या आपल्या भावांना प्रचारफेरीला पाठवलं.

हिशेबाची वही तीन रंगांची असते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख, पिवळ्यावर बँक. एका माणसाला संपूर्ण निवडणुकीत रोख १०,००० पर्यंतच देता येतात, वरचे सगळे बँकेतून. चहा, पोहे, खुर्च्या, तंबू, गाड्या यांचे दर जिल्ह्याने ठरवून दिलेले असतात आणि खर्च निरीक्षकाकडे आपल्या खर्चाचं त्यांनी स्वतंत्रपणे लिहिलेलं एक समांतर रजिस्टर तयार असतं. प्रचाराच्या काळात वही निदान तीनदा तपासून घ्यावी लागते. दुसऱ्या तपासणीत त्यांच्याकडे आमच्या एका सभेच्या खुर्च्या आमच्यापेक्षा जास्त होत्या. मी तंबूवाल्याचं बिल आणि त्यांच्याच व्हिडिओ पथकाच्या चित्रणातली दृश्यं दाखवली, खुर्च्या मोजल्या गेल्या, आकडा दुरुस्त झाला. कागद जवळ असेल तर तिथे ऐकून घेतात, हा माझा अनुभव आहे. नसेल तर मात्र काही बोलता येत नाही.

शेवटचे दोन दिवस नियमांची गुंतागुंत सर्वांत जास्त. मतदान १७ ला. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्ही, रेडिओ, सिनेमावरचा प्रचार बंद. वर्तमानपत्र मात्र त्या बंदीत येत नाही, म्हणून आयोगाने मतदानाच्या आणि आदल्या दिवशीच्या छापील जाहिरातींनाही आधी प्रमाणपत्र घ्यायला लावलं, २०१५ च्या बिहार निवडणुकीपासून. अर्ज दोन दिवस आधी. म्हणजे १७ तारखेच्या अंकात चार ओळींचं आवाहन द्यायचं तर दिवाळीच्या फराळातून उठून कचेरी गाठायची. आम्ही गाठली; कचेरी उघडी होती, कर्मचारी बसले होते, आणि त्यांच्या घरीही दिवाळी होती हे विसरून चालणार नाही. आवाहन १७ ला छापून आलं. त्याच सकाळी लोकांच्या फोनवर दुसऱ्यांचे व्हिडिओ येतच होते. वर्तमानपत्रातल्या चार ओळी तपासायच्या आणि हातातल्या फोनवरचं सोडून द्यायचं, हे अर्धवट आहे. कायद्याने आता तिथे पोचलं पाहिजे.

३ डिसेंबरला निकाल लागला. बाई हरल्या, अनामतही गेली. ती वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. निकालापासून ३० दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो, हरणाऱ्यानेही. न दिल्यास आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. हरलेले पुष्कळ उमेदवार इथेच कंटाळतात. आम्ही वही, बिलं, बँकेचं स्टेटमेंट, जाहिरातींची तिन्ही प्रमाणपत्रं आणि पेपरातल्या आवाहनाचं चौथं, असं सगळं क्रमाने लावून मुदतीच्या बऱ्याच आधी दिलं आणि पोच घेतली. बाईंनी त्याची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवली आणि एक वस्तीतल्या वाचनालयात लावायला दिली, खर्चाच्या आकड्यांसकट.

आता आमच्या गल्लीतली एक तरुण मुलगी पुढच्या नगर निगम (महापालिका) निवडणुकीत पार्षद, म्हणजे नगरसेवक, म्हणून उभं राहायचं म्हणते आहे आणि बाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं आहे. तिला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही की नगर निगमची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, मध्य प्रदेश राज्य निर्वाचन आयोग घेतो. त्याचे नियम, फॉर्म, खर्चाची मर्यादा, सगळं वेगळं. माझी वही तिला नमुना म्हणून दिली आहे, पण नियम तिने त्यांच्या कचेरीतूनच आणायचे आहेत. येत्या सोमवारी आम्ही दोघी जाणार आहोत.